अक्कांचा पहिला घोट

सगळ्यात शेवटी मला

मला टीबी झालाय हे सगळ्यात शेवटी मला कळलं. आधी लॅबमधल्या माणसाला, मग डॉक्टरांना, मग माझ्या नवऱ्याला, आणि मग दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मला. तेही सरळ नाहीच. विलास स्कूटरला चावी लावत म्हणाले, "छातीत थोडं इन्फेक्शन आहे. गोळ्या दिल्यात. होईल बरं."

हे बोलताना ते बंद स्कूटरच्या काट्याकडे बघत होते.

मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दर वर्षी परीक्षेत पर्यवेक्षण करते. मोज्यातली चिठ्ठी, कंपासपेटीच्या तळाला चिकटवलेला कागद, पॅडच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेली व्याख्या, सगळं पकडलंय मी. पोरं मला मागून काय म्हणतात तेही माहीत आहे. ज्याच्याजवळ काही लपवलेलं असतं तो तुमच्याकडे बघत नाही, किंवा मग फारच बघतो.

"रिपोर्ट द्या," मी म्हटलं.

"घरी गेल्यावर बघू ना."

"इथं द्या."

त्यांनी दिला. मी वाचला. मग तशीच उलटी फिरले आणि जिना चढून पुन्हा डॉक्टरांसमोर जाऊन बसले. धाप लागली होती, खोकला थांबत नव्हता. ते मात्र स्पष्ट बोलले. बरा होतो, म्हणाले, पण गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि खायचं. अंडी, चिकन, डाळी, जे जाईल ते. वजन असंच उतरत राहिलं तर गोळ्या अंगी लागणार नाहीत. तोंडावर रुमाल ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. हा रोग हवेतून जातो, भांड्यांतून नाही, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य विलासनी ऐकलं आणि मीही ऐकलं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते वाक्य महत्त्वाचं आहे म्हणून इथं लिहून ठेवते.

लाल ठिपका

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वाटीच्या बुडाला लाल ठिपका होता. ताटाला होता, पेल्याला होता, चमच्याच्या दांडीला होता. आमची मुलगी पूर्वा लातूरला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते, होस्टेलवर राहते. तिचं जुनं नेलपॉलिश कपाटात पडलेलं होतं. विलास शास्त्र शिकवतात, दुसऱ्या शाळेत. जंतू, संसर्ग, लस हा धडा ते दर वर्षी शिकवतात. आणि डॉक्टरांनी गरज नाही सांगितल्यावर त्यांनी रातोरात माझी भांडी रंगवून ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"आपली खबरदारी. गैरसमज करून घेऊ नको."

मी गैरसमज करून घेतला. त्या दिवसापासून सगळ्याचाच करून घेऊ लागले. शाळेतली मैत्रीण फोनवर नेहमीपेक्षा गोड बोलली की वाटायचं, हिला कुणीतरी सांगितलंय. शेजारच्या काकूंनी डबा परत घेताना तो पदरानं धरला, ते मी पडद्याआडून पाहिलं. विलास गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोलायचे. पूर्वाला निमोनिया सांगितला होता, आणि ती "बरं" म्हणून फोन ठेवायची, तेव्हा मला वाटायचं की हिलाही ठाऊक आहे आणि ही ठाऊक नसल्याचं मला दाखवतेय. म्हणजे घरात सगळेच एकमेकांना फसवत होते आणि मी पर्यवेक्षक.

आजारपणात हे होतं. कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अंगातला ताप उतरतो, हा दुसरा ताप उतरत नाही.

खाणं मात्र पार सुटलं. गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती. भाताचा वास आला की पोटात ढवळायचं. विलास सकाळी दुधाचा पेला घेऊन समोर उभे राहायचे, तो कसाबसा गिळायचा, बाकी दिवसभर काही नाही. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल.

अक्का येतात

मग एका दुपारी दारात अक्का उभ्या.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ. हदगावकडं दादा, म्हणजे माझे भासरे, शेती करतात. कापूस, सोयाबीन, आणि गेल्या काही वर्षांत टर्की पाळतात. अक्कांचं आणि माझं कधीच जमलं नाही. कारण सगळ्या नात्यात माहीत आहे. विलाससाठी अक्कांनी स्वतःची धाकटी बहीण सांगून ठेवली होती. विलासनी नोकरीवाली बायको केली. तेव्हापासून दिवाळीला फराळ, लग्नकार्यात हळदीकुंकू, आणि दोघींच्या मध्ये नेहमी तिसरं कुणीतरी.

आता ही बाई एक पिशवी आणि एक मोठा स्टीलचा डबा घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. कुणी बोलावलं? विलास म्हणाले, मी नाही. अक्का म्हणाल्या, "बोलवायचं काय त्यात?"

मला ते पटलं नाही. माझं काही बरंवाईट होणार अशी खबर गावाकडं गेली असणार, असं मनात आलं. दुसरंही एक मनात आलं, ते लिहायला लाज वाटते: त्या बहिणीचा नवरा मागच्या वर्षी गेला होता.

"डब्यात काय आहे?" मी खाटेवरून विचारलं.

"टर्की."

"टर्कीचं काय?"

"मान, पाठीचा सापळा, पखं. छातीचं अन् तंगडीचं मांस नांदेडचं गिऱ्हाईक घेऊन गेलं. हाटेलवाल्यांला तेवढंच लागतं."

म्हणजे गिऱ्हाइकानं नाकारलेलं, उरलेलं, ते माझ्यासाठी. मी खाट हॉलमध्ये हलवून घेतली, अशी की स्वयंपाकघराचं दार समोर यावं.

अक्कांचं काम मी पहिल्या दिवसापासून पाहिलं. टर्कीचं हाड कोंबडीच्या हाडापेक्षा जाड. त्या मानेचे तुकडे करायच्या, सापळा विळीवर दाबून मोडायच्या, मग थंड पाण्यात टाकून बारीक आचेवर ठेवायच्या. हळद, मीठ, ठेचलेलं आलं, लसणाच्या पाकळ्या, एक कांदा अख्खा. तिखट नाही, मसाला नाही. आमच्याकडे याला आळणी रस्सा म्हणतात. बाळंतिणीला आणि दुखणाईताला देतात. तासन्‌तास ते पातेलं गॅसवर असायचं आणि अक्का स्टुलावर बसून नुसत्या त्याच्याकडे बघत असायच्या. शेवटी गाळून घेताना त्या कमरेच्या पिशवीतून एक कागदाची पुडी काढायच्या आणि तिच्यातलं काहीतरी चिमूटभर आत टाकायच्या.

"ते काय आहे?"

"सुंठ."

"आलं तर आधीच घातलंय."

"आलं आलं असतं, सुंठ सुंठ असती. पी गुमान."

घोट

मी प्यायले नाही. लाल ठिपक्याची वाटी समोर होती, वर सोनेरी तवंग, वास चांगला येत होता, खोटं कशाला बोलू. पण आमच्या भागात मी पाहिलंय, ऐकलंय. माणूस आजारी पडलं की कुणी देवाचा अंगारा कालवतं, कुणी कुठल्या बाबाची मुळी उगाळून देतं, आणि आजाऱ्याला सांगत नाहीत. सांगितलं तर गुण जातो म्हणतात. अक्का असलं काही करणार नाहीत याची खात्री मला कोण देणार?

"आधी तुम्ही घ्या," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग वाटीकडे बघितलं.

"याच वाटीतून," मी म्हटलं. दुसऱ्या वाटीत काढून घेतलं तर काय उपयोग? परीक्षेत असं असतं. ज्या पॅडवर संशय, तेच पॅड उलटायचं.

अक्का तशाच वाटी हातात धरून बसल्या. तेव्हा मला वाटलं, पकडली. मग त्यांनी माझाच चमचा घेतला, भरला, फुंकला, आणि प्यायल्या. तोंड पुसलं आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"झालं समाधान? घे आता."

मी घेतला. घशाखाली गेला आणि खालीच राहिला. किती दिवसांनी पोटात काहीतरी ऊबदार टिकलं. मी वाटी संपवली, आणि मला रडू आलं, ते मी खोकल्यात दडवलं.

पण पद्धत मी सोडली नाही. रोज संध्याकाळी पहिला घोट अक्कांचा. त्याही मग न सांगता घेऊ लागल्या. माझ्या अगदी जवळ बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. थंडीचे दिवस, म्हणून खिडकी लावून घ्यायच्या. मला ते बरं वाटायचं आणि बरं वाटतंय म्हणून आणखी संशय यायचा. विलास एकदा म्हणाले, "वहिनींना असं करायला लावतेस, बरं दिसत नाही." मी म्हटलं, "तुम्ही माझी भांडी रंगवली ते बरं दिसतं का?" ते उठून गॅलरीत गेले.

महिन्याअखेरीस काट्यावर वजन वाढलं. डॉक्टर खुश झाले. मीही झाले, पण अक्कांना सांगितलं नाही. उगाच डोक्यावर कशाला बसवायचं?

पिवळे डोळे

मग एका सकाळी पूर्वाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ती म्हणाली, "आई, लाइटमुळे आहे का? तुझे डोळे पिवळे दिसून राहिलेत."

लाइटमुळे नव्हतं. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी मी दवाखान्यात. लिव्हरला सूज आली होती. टीबीच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या बंद म्हणजे इकडं लिव्हर वाचवायचं आणि तिकडं तो जंतू मोकळा. आयुष्यात मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, परत चालू करता आल्या नाहीत तर? ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. या वाक्याचा अर्थ मला शिकवायला कुणी नको होतं.

मग त्यांनी विचारलं, "गोळ्यांनीही कधी कधी असं होतं. पण घरी आणखी काही चालू होतं का? काढा, चूर्ण, गावठी औषध? असेल तर आत्ता सांगा, मला पुढचं ठरवायचंय."

खाटेच्या एका बाजूला विलास उभे होते, दुसऱ्या बाजूला अक्का. मी विलासकडे बघितलंच नाही. मी अक्कांकडे बघत होते.

"पुडीत काय होतं?" मी विचारलं.

"सुंठ हुती. सांगितलं की."

"सुंठच होती कशावरून?"

"अगं, पहिला घोट तर रोज म्याच घेत हुते ना."

"तुम्हाला काय होणार? तुम्ही कुठं माझ्या गोळ्या खात होता? निरोगी माणसाला एका घोटानं काही होत नाही. तुम्हाला ते माहीत होतं."

अक्कांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. रागाचा नव्हता. ऐकू आलं नसल्यासारखा झाला. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "म्या मीठ, हळद, आलं, लसूण, कांदा अन् सुंठ घातली. दुसरं काय बी न्हाई." मग खाटेखालची पिशवी उचलली. विलास म्हणाले, "वहिनी, थांबा," पण ते त्यांनी इतक्या बारीक आवाजात म्हटलं की त्यांनाच ऐकू गेलं असेल. संध्याकाळच्या हदगाव गाडीनं अक्का निघून गेल्या.

दवाखान्यातले ते दिवस म्हणजे रक्त काढणं आणि वाट बघणं. सकाळी सुई, संध्याकाळी आकडा. शेजारच्या खाटेवर कंधारच्या एक आजी होत्या, पोटाच्या दुखण्यानं आलेल्या. मला मळमळ सुरू झाली की त्या काही न बोलता लिंबाची फोड पुढे करायच्या, हुंगायला. दिवसातली तेवढीच एक गोष्ट अशी होती जिच्यावर मला शंका आली नाही. आकडा हळूहळू उतरला. मग एकेक करून, थांबत थांबत, गोळ्या परत सुरू झाल्या. प्रत्येक नवी गोळी गिळताना मी आरशात डोळे बघायची.

डिक्की

घरी आले. पूर्वाला आता खरं सांगणं भाग होतं. ती फोनवर आधी रडली, मग चिडली, मग भावी डॉक्टर झाली आणि प्रश्न विचारायला लागली. लिव्हर कशानं बिघडलं? मी म्हटलं, "तुझ्या काकूनं मला काहीतरी खाऊ घातलं."

विलास समोर बसून मेथी निवडत होते. त्यांनी काडी खाली ठेवली.

"वहिनींनी नाही," ते म्हणाले. "मी."

मला वाटलं, वहिनीला वाचवतायत. पण ते माझ्याकडे सरळ बघत होते, त्या पार्किंगनंतर पहिल्यांदाच.

"सकाळच्या दुधातून," ते म्हणाले. "चूर्ण. आमच्या शाळेतल्या एकाच्या आईला त्यानं गुण आला होता."

ते उठले, खाली गेले, आणि स्कूटरच्या डिक्कीतून प्लॅस्टिकची एक डबी घेऊन आले. टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली होती. फोन चालूच होता.

"तुम्ही शास्त्र शिकवता," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"तू रोज बारीक होत होतीस. वर्गात बारीक पोरांकडं बघितलं तरी मला तूच दिसायचीस. गोळ्या चालूच होत्या, मला वाटलं, जोडीला हेही. नुकसान काय."

"आणि दवाखान्यात? डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हा?"

त्यांनी डबीचं झाकण घट्ट केलं. म्हणाले, "घाबरलो. तू वहिनींकडंच बघत होतीस."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पंचवीस वर्षांत कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. फोनमधून पूर्वाचा आवाज येत राहिला. "पप्पा, ती डबी घेऊन उद्या डॉक्टरांकडं जा. आई, तू आधी पाणी पी. आई? पाणी पी ना गं."

डॉक्टरांनी डबी हुंगली आणि बाजूला ठेवली. यानंच झालं असं मी म्हणणार नाही, म्हणाले, तुमच्या गोळ्यांनीही होऊ शकतं. पण हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असंही म्हणाले. विलास मान खाली घालून ऐकत होते. त्यामुळे या गोष्टीचा पक्का निकाल कधीच लागला नाही आणि लागणारही नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि तुम्ही मायेपोटी दुधात, पाण्यात काही कालवत असाल, तर एवढंच सांगते: डॉक्टरांना सांगा. माया करा, पण सांगून करा.

एसटीनं आलेला डबा

हदगावला फोन लावला. दादांनी उचलला. त्यांना विलासच्या डबीचं सांगितलं, मग विचारलं.

"अक्का आहेत का?"

"ती शेतात हाय."

"संध्याकाळी करू?"

"संध्याकाळी बी शेतातच असते."

असं बरेच दिवस चाललं. एवढं काम कुठल्या शेतात असतं ते मला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

मग एक दिवस दादांचाच फोन आला: हदगाव गाडीच्या कंडक्टरजवळ डबा दिलाय, बसस्टँडवरून घेऊन जा. कापडात गाठ मारलेला डबा, आत बर्फात टर्कीच्या माना आणि पंख. वर कागदाच्या पुडीत सुंठ. मी ती पुडी उघडून बराच वेळ हुंगत बसले. सुंठच होती.

रस्सा मला करता येत नव्हता. आजवर आमच्याकडे कोंबडी असायची ती रविवारची, तिखटजाळ, विलासच्या हातची. मी सगळं कुकरमध्ये घातलं आणि शिट्ट्या केल्या. गढूळ पाणी झालं, वर चरबीचा जाड थर, चव काही नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डबा आला, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी फोन लावला आणि दादांना म्हटलं, "रस्सा बिघडतोय. तेवढं विचारा फक्त."

पलीकडे थोडी खुडबुड झाली. मग अक्कांचा आवाज.

"कुकर लावला आसशील."

"हो."

"शिट्ट्या मारून कुठं रस्सा होतो का? पातेल्यात ठेव. पाणी थंडच घाल. उकळी फुटू देऊ नको, नुसतं हललं पाहिजे. फेस आला की पळीनं काढत ऱ्हा."

"अक्का, माझं चुकलं. मी दवाखान्यात जे—"

"पळी लहान घे," अक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी स्टुलावर बसून पातेल्याकडे बघत राहिले, त्या बसायच्या तशी. नजर काढली की उकळी फुटते. दुसऱ्या कशाचा विचार करता येत नाही, कुणावर शंकाही घेता येत नाही. त्या आजारपणात एवढी शांत मी कधीच नव्हते. रस्सा स्वच्छ झाला. विलास दारात येऊन म्हणाले, "वास सुटलाय." मी त्यांना वाटी दिली. पण त्यांच्याशी नीट बोलायला मला पुढे पुष्कळ दिवस लागले, आणि आजही दूध मी स्वतःच गाळून घेते.

हदगाव

कोर्स संपला. थुंकी साफ, फोटो साफ. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या. मी घरी न जाता बसस्टँडवर गेले.

अक्का शेतातच होत्या, खरंच. टर्कींना दाणे टाकत होत्या आणि ते मोठे पक्षी त्यांच्या लुगड्याला चोची मारत होते. मला बघून म्हणाल्या, "आलीस? अंग भरलं की जरा."

आम्ही बांधावर बसलो. माफीचं बोलायला घेतलं की त्या दुसरंच काढायच्या. पाऊस, कापूस, पूर्वाची परीक्षा. शेवटी मी वेगळ्या बाजूनं शिरले. म्हटलं, "अक्का, एक बरं होतं. भांड्यांतून टीबी लागत नाही, नाहीतर मी तुम्हाला माझ्या वाटीतून पाजत होते, केवढं पाप लागलं असतं."

अक्कांचा दाण्याचा हात थांबला.

"भांड्यातून लागत न्हाई?"

"नाही. हवेतून लागतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला कोण सांगणार? लाल ठिपका तर हुता वाटीला. माझी मावशी त्याच दुखण्यानं गेली. तिचं ताट आम्ही गोठ्यात ठेवत हुतो, गेल्यावर भांडी पुरली. म्या समजून हुते, भांड्यातूनच लागतं."

मला अक्कांचा तो पहिल्या दिवशीचा थांबलेला हात आठवला, जो बघून मी म्हटलं होतं, पकडली.

"मग प्यायलात कशाला, अक्का?"

"तू पीतच नव्हतीस की तशी."

एवढंच म्हणून त्या पुन्हा दाणे टाकायला लागल्या. मी तिथं बांधावर बसून रडले. दडवलं नाही, खोकल्याचं सोंग केलं नाही. टर्की माझ्याभोवती गोळा झाल्या आणि अक्का त्यांना हुसकावत म्हणाल्या, "आता कामून रडून राहिलीस? झालं ते झालं."

पण झालं ते झालं नव्हतं, हे रडता रडताच माझ्या लक्षात आलं. वाटीतून लागत नाही, हवेतून लागतो. आणि ही बाई बंद खिडकीच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून, माझ्या खोकल्यासमोर बसली होती. घरातल्यांची तपासणी झाली तेव्हा विलासची झाली. अक्कांची कुणी केली नाही. त्या तर तेव्हा गावाला निघून गेल्या होत्या, मीच घालवलं होतं.

"खोकला येतो का तुम्हाला?" मी विचारलं. "ताप? वजन उतरलंय का?"

"वय झालंय. उतरणारच."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी गावातल्या एक्स-रेवाल्याकडे घेऊन गेले. बाकावर बसल्यावर त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मग हळूच म्हणाल्या, "भ्या वाटून राहिलंय गं. काय निघालं तर मला खरं सांगशील ना? विलासवानी नको करू."

"सांगेन," मी म्हटलं. आयुष्यात कुणासाठी एवढी घाबरले नव्हते, पूर्वासाठीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. पटकन बघितली, मला वाटलं, फारच पटकन. म्हणाले, "छाती साफ आहे."

"परत बघा," मी म्हटलं.

"मॅडम, साफ आहे. काळजीचं काही नाही."

"उजवीकडं खाली बघितलंत का? परत एकदा बघा."

"अगं सुनंदा," अक्का मला दंडाला धरून म्हणाल्या, "ते म्हणून राहिले ना साफ हाय. चल आता."

"तुम्ही गप्प बसा, अक्का," मी म्हटलं, आणि डॉक्टरांच्या हातातली फिल्म मीच घेतली. मला त्यातलं काहीएक कळत नव्हतं. तरी मी ती खिडकीशी नेली, उन्हात धरली आणि वरपासून खालपर्यंत अक्कांची एकेक बरगडी बघत उभी राहिले.